झोन दिसला खरा, पण बॅक्टेरिया मारले कोणी?

प्लेट इन्क्युबेटरमधून बाहेर काढली तेव्हा अख्खी लॅब माझ्या टेबलाभोवती गोळा झाली होती. अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर) स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा बॅक्टेरिया दाट उगवलेला, मध्ये आमच्या स्कॅफोल्डचा, म्हणजे हाडाच्या पोकळीत भरायच्या सच्छिद्र मटेरियलचा, पिवळाधम्मक तुकडा आणि त्याच्याभोवती गोल स्वच्छ कडं, म्हणजेच झोन, त्यात औषधालासुद्धा एक कॉलनी नाही. लगेच फोटो, लगेच ग्रुपवर, मॅडमचा अंगठा आला, आणि मी तर त्याच रात्री पेपरचं टायटल लिहून ठेवलं ज्यात "नैसर्गिक" आणि "अँटिबॅक्टेरियल" हे दोन्ही शब्द होते. पुढचे सहा महिने त्या एका कड्याचा खरा मालक कोण हे शोधण्यात गेले. कोणी असंच काही करत असेल तर त्याचे तरी सहा महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लाज वाटावी असे भाग न गाळता.

मुळात हे करायचंच कशाला? तर हाडात इन्फेक्शन मुरलं, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस झाला, की मेलेलं हाड सर्जन खरवडून काढतात आणि तिथे पोकळी राहते. त्या भागाला रक्तपुरवठा धड नसतो, त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोचत नाही, आणि स्टॅफ ऑरियस इतका चिवट की बायोफिल्म (चिकट थर) करून बसतोच, शिवाय जिवंत हाडातल्या कॅनालिक्युलाय नावाच्या बारीक नळ्यांमध्येही अंग चोरून शिरतो, ज्या नळ्या त्याच्या स्वतःच्या आकारापेक्षा अरुंद असतात. जुना उपाय म्हणजे जेंटामायसिन मिसळलेलं बोन सिमेंट, जर्मनीत बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास ते वापरात आणलं. उपयोग होतो त्याचा, पण सिमेंट विरघळत नाही, त्याचे मणी घातले तर पुन्हा ऑपरेशन करून काढावे लागतात, आणि औषध पहिल्या काही दिवसांत भसकन बाहेर येऊन मग नुसतं झिरपत राहतं, इतकं कमी की बॅक्टेरिया मरत नाहीत पण रेझिस्टन्सचे धडे मात्र गिरवतात.

म्हणून कल्पना अशी की पोकळीत असा सच्छिद्र तुकडा भरायचा जो हळूहळू विरघळेल, त्याच्या भोकांमधून नवीन हाड आत वाढेल (भोकं किमान १०० मायक्रोमीटरची तरी हवीत, रक्तवाहिन्या नीट शिरायला ३०० च्या पुढे असली तर बरं) आणि सुरुवातीचे दिवस तो स्वतःच बॅक्टेरियाला दाराशी थोपवेल. आणि यासाठी अँटिबायोटिकऐवजी काहीतरी नैसर्गिक. यादी मोठी आहे: करक्युमिन, थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल, प्रोपोलिस, मध, नायसिन, लॅक्टोफेरिन. आम्ही करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा पदार्थ, घेतलं. कारण खरं सांगायचं तर ते कपाटात होतं. थायमॉल, युजेनॉल उडून जाणारे पदार्थ, फ्रीझ ड्रायरच्या व्हॅक्यूममध्ये किती शिल्लक राहतील कोण जाणे, एवढा विचार मात्र केला होता.

रेसिपी अगदी नेहमीची. १% अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये २% चिटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) विरघळवायचं, त्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची (हाडातल्या खनिजाची) पावडर घोटायची, करक्युमिन इथेनॉलमध्ये विरघळवून थेंब थेंब सोडायचं, साच्यात ओतून रात्रभर गोठवायचं आणि मग दोन दिवस फ्रीझ ड्रायरमध्ये. बर्फाचे स्फटिक उडून जातात, त्यांच्या जागा म्हणजेच आपली भोकं. तुकडा हातात घेतला तर वजनच लागत नाही, थर्माकोलसारखा, फक्त पिवळा. (सिरॅमिक स्कॅफोल्डवाल्यांना ही सोय नसते, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट ११०० अंशांच्या पुढे सिंटर करतात, म्हणजे भाजून घट्ट करतात, तिथे कुठलाही सेंद्रिय पदार्थ आधी घालून चालत नाही, सगळं जळून जाणार.)

कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून आम्ही काय ठेवलं होतं? कागदाची डिस्क, तिच्यावर नुसतं इथेनॉल टाकून वाळवलेलं. तिच्याभोवती झोन नव्हता. म्हणजे अल्कोहोलचा हात नाही, म्हणजे करक्युमिनचाच, केस क्लोज.

नवीन आलेल्या ज्युनियरने दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "दादा, करक्युमिन न घातलेला स्कॅफोल्ड कुठल्या प्लेटवर आहे?"

"तो पुढच्या बॅचला लावू गं," मी म्हणालो. म्हणजे लावलाच नव्हता. तिने काही न बोलता लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या, काहीही न घातलेल्या तुकड्याभोवतीही जवळजवळ तेवढंच कडं.

मग मी डबा उघडून तुकडा नाकाशी नेला. हे आधी कधी केलंच नव्हतं. आंबट झणका, सरळ व्हिनेगर. तुकड्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून पीएच स्ट्रिप टेकवली तर रंग ४ आणि ५ च्या मध्ये कुठेतरी. फ्रीझ ड्रायर मोकळं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड बरंच ओढून नेतो, पण चिटोसानच्या अमिन गटांशी मीठ होऊन जे बसलेलं असतं ते तिथेच राहतं, आणि अगारच्या ओलाव्यात तुकडा भिजला की ते आसपास पसरतं. कडं त्याचं होतं. आणि गंमत म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडही नैसर्गिकच की, म्हणजे टायटलमधला एक शब्द तरी खरा होता.

इथे एक मुद्दा सोडू नये असा आहे. प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात "चिटोसान हा स्वतः अँटिबॅक्टेरियल आहे" असं असतं, आम्हीही लिहिलं असतं. पण त्याची मारण्याची ताकद त्याच्या धन भारात आहे, आणि अमिन गटांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित असतात तो) साधारण ६.५. म्हणजे पीएच ५ ला जवळपास सगळे गट भारित, बॅक्टेरियाच्या ऋणभारित भिंतीला चिकटून तिला खिळखिळी करायला तयार, पण शरीरातल्या ७.४ ला हिशेब केला तर दहातला जेमतेम एक. म्हणजे प्लेटवर जे वाघ दिसतं ते हाडात गेल्यावर मांजर. पीएच बदलून बॅक्टेरिया मारणं ही लबाडी आहे असंही नाही हं, एस५३पी४ नावाची बायोअ‍ॅक्टिव्ह काच नेमकं तेच करते, तिच्यातून आयन बाहेर येऊन आजूबाजूचा पीएच आणि ऑस्मॉटिक प्रेशर वाढतं आणि ती ऑस्टिओमायलायटिसमध्ये पेशंटना वापरतातही. पण ती अल्कलीकडे जाते आणि तसं सरळ सांगूनच वापरली जाते. अ‍ॅसिड हाडाच्या विरुद्ध दिशेचं, खनिज विरघळवणारं, ऑस्टिओक्लास्टना (हाड खाणाऱ्या पेशींना) चेकाळवणारं, आणि एकदा धुतलं गेलं की संपलं.

मग काय, न्यूट्रलाइज करायचं. सोपं, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवा, धुवा. नाही केलं तर तसाही तुकडा मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) जेलीसारखा लिबलिबीत होऊन विरघळतो, म्हणजे हे आधीच करायला हवं होतं.

पिवळा तुकडा सोडियम हायड्रॉक्साइडच्या बीकरमध्ये सोडला आणि डोळ्यांसमोर लालभडक झाला. कडेपासून आत, विटकरी, मग त्यातून लाल धूर निघावा तसे धागे पाण्यात उतरायला लागले. करक्युमिन हा जुना इंडिकेटर आहे, पीएच ८ च्या पुढे तो लाल होतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि आपली तीन आठवड्यांची बॅच लाल होताना बघणं यात फरक आहे. नुसता रंग बदलत नाही, तो अल्कलीत भराभर मोडतोही. अल्कली कशाला, पीएच ७.२ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांना, सीरम नसेल तर अर्ध्या तासात सुमारे ९०% करक्युमिन गेलेलं असतं. सीरममध्ये जरा जास्त टिकतं. तीन वेळा धुतल्यावर आमच्या हातात जे उरलं ते फिकट बदामी रंगाचं, व्यवस्थित न्यूट्रल आणि जवळजवळ रिकामं.

स्टेरलायझेशनची गोष्ट तर अजून वाईट, कारण ती आधीपासून चालू होती आणि कोणाच्या लक्षातच आली नव्हती. सेल कल्चरला तुकडे न्यायच्या आधी आम्ही ते ७०% अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचो, सगळेच ठेवतात. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि अल्कोहोलमध्ये मस्त विरघळतं. ज्युनियरने एकदा बुडवलेलं अल्कोहोल फेकायच्या आधी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन उजेडात धरलं, स्वच्छ पिवळं. म्हणजे आमच्या आधीच्या सगळ्या "पेशींना काहीही त्रास नाही" वाल्या डेटामध्ये पेशींसमोर त्रास देणारा पदार्थ फारसा नव्हताच. एका बाजूला बॅक्टेरियाच्या प्लेटवर अ‍ॅसिडसकट तुकडा, दुसऱ्या बाजूला पेशींना अल्कोहोलने धुतलेला तुकडा, आणि पेपरमध्ये दोन्ही आलेख शेजारी शेजारी एकाच मटेरियलच्या नावाने. आता आठवलं तरी कान गरम होतात.

दुसरे मार्गही पाहिले. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश वाफेत करक्युमिनही नको आणि चिटोसानही नको, गॅमा किरणांच्या नेहमीच्या २५ किलोग्रे डोसला चिटोसानच्या साखळ्या तुटतात, इथिलीन ऑक्साइड भोकांमध्ये राहून जायची भीती. शेवटी क्रमच उलटा केला: आधी कोरा स्कॅफोल्ड, तो न्यूट्रलाइज, पीएच ७ येईपर्यंत धुणं, पुन्हा ड्राय, मग कोराच अल्कोहोलने निर्जंतुक, आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेटमध्ये बसून ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळलेलं करक्युमिनचं इथेनॉल द्रावण मोजून थेंबाथेंबाने वर टाकून वाळवणं. यात करक्युमिन भिंतींच्या पृष्ठभागावर बसतं, आत मुरत नाही, पण निदान किती आहे ते माहीत असतं.

आता प्लेट. झोन शून्य. कोऱ्याभोवती शून्य, पिवळ्याभोवती शून्य. दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही.

पण शून्य झोनचा अर्थ "काहीच होत नाही" असा लावणं ही आधीच्या चुकीचीच उलटी बाजू आहे. अगारमध्ये झोन पडायला पदार्थ पाण्यातून पसरायला हवा, करक्युमिन पसरतच नाही, जिथे ठेवलं तिथे बसून राहतं. झोनची टेस्ट म्हणजे खरं तर "कोण किती लांब पळतं" याची शर्यत, कोण किती मारतं याची नाही. म्हणून तुकडा आणि बॅक्टेरिया यांना एकत्र ठेवून नंतर जिवंत किती उरले हे कॉलनी मोजूनच बघावं लागलं. ब्रॉथचा (बॅक्टेरिया ठेवलेल्या द्रवाचा) गढूळपणा मशीनवर मोजून काम भागवायचा मोह झाला होता, पण करक्युमिनचे कण आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची पूड दोन्ही स्वतःच गढूळ, मशीनला ते बॅक्टेरियाच वाटतात.

कॉलनी मोजताना अजून एक फसगत झाली. ब्रॉथमधले बॅक्टेरिया एकदम कमी झालेले दिसले, आनंद झाला, मग ज्युनियर म्हणाली तुकड्यात किती आहेत ते बघूया. तुकडा हलकेच धुऊन, बफरमध्ये सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून), व्होर्टेक्स करून (गरगर घुसळून), ते पाणी पातळ करत करत प्लेटवर लावलं तर गेलेले सगळे तिथे सुखरूप. मेले नव्हते, भोकांमध्ये राहायला गेले होते. स्पंजसारखं मटेरियल असलं की ब्रॉथ आणि तुकडा दोन्ही मोजून बेरीज करायचीच, आणि आयएसओ २२१९६ सारखी स्टँडर्ड टेस्ट सपाट, भोकं नसलेल्या पृष्ठभागासाठी आहे, ती इथे जशीच्या तशी लावून नंबर छापणं बरोबर नाही. बेरीज केल्यावर कोऱ्या आणि पिवळ्यात फरक होता, पण एक लॉगही नाही. लॉगची भाषा ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी, ९०% मारले म्हणजे १ लॉग, ९९.९% म्हणजे ३ लॉग. "९०% बॅक्टेरिया नष्ट" ऐकायला भारी, पण दहा लाखांतून सुरुवात केली तर एक लाख शिल्लक, आणि त्यांना पुन्हा दहा लाख व्हायला एक रात्र पुरते. आम्ही तर त्याच्याही अलीकडे होतो.

मध्येच एक बॅच मात्र जबरदस्त आली. दोन लॉगच्या पुढे. सगळं तेच, तोच माणूस, तोच स्ट्रेन. मी डायरी उलटीपालटी केली तेव्हा सापडलं की त्या दिवशी इन्क्युबेटर भरलेला होता म्हणून प्लेट दोनेक तास कॅबिनेटच्या दिव्याखाली राहिली होती. करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि त्यातून घातक ऑक्सिजन रॅडिकल तयार होतात, फोटोसेन्सिटायझर म्हणून त्याचा मुद्दाम वापरही करतात. तीच बॅच फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा केली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हाडाच्या आत दिवा कोण लावणार? पण विचार करा, ज्या लॅबमध्ये ट्यूबलाइटखाली प्लेट ठेवायची सवय आहे तिथे करक्युमिन कायमच उत्तम काम करत असणार.

पेशींचं थोडक्यात सांगतो. उंदराच्या एमसी३टी३ पेशी (हाड बनवणाऱ्या), एमटीटी टेस्ट, ज्यात जिवंत पेशी एमटीटीचा रंग जांभळा करतात. नवीन, खरंच भरलेले तुकडे लावले तर रीडिंग कंट्रोलपेक्षा जास्त, म्हणजे पेशी खूश? मायक्रोस्कोपखाली बघितलं तर अर्ध्याहून जास्त पेशी गोल होऊन तरंगत होत्या. पेशी न घालता नुसता तुकडा आणि एमटीटी ठेवलं तरी जांभळा रंग आला, कारण बरेच वनस्पतीजन्य पॉलिफिनॉल एमटीटीला स्वतःच रिड्यूस करतात, पेशीची गरजच नाही. आयएसओ १०९९३-५ प्रमाणे व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ३०% पेक्षा जास्त घसरली तर मटेरियल सायटोटॉक्सिक, पण मोजमापच फुगलेलं असेल तर घसरण दिसणार कुठून. मग डीएनए मोजणं आणि लाइव्ह-डेड स्टेनिंग (जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगवेगळ्या रंगवणं). स्टेनिंगमध्येही हिरव्या चॅनलमध्ये करक्युमिन स्वतः चमकतं, त्यामुळे भरवसा ठेवला तो डीएनएवर.

सगळं एकत्र ठेवल्यावर जे दिसलं ते खरं तर पहिल्याच दिवशी कागदावर करता आलं असतं. स्टॅफ ऑरियसला थांबवायला करक्युमिन साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि त्याच्याही पुढे लागतं. कल्चरमधल्या पेशी काही दहा मायक्रोमोलरला कुरकुरायला लागतात, आणि करक्युमिनचा रेणुभार ३६८, म्हणजे २० मायक्रोमोलर म्हणजे फक्त ७ मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास. बॅक्टेरियाला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी आधी हाडाच्या पेशी जातात. खिडकी अरुंद नाही, उलटी आहे. कितीही नॅनोकण करा, लिपोसोम करा, नुसती विद्राव्यता वाढवून ही उलटी खिडकी सुलटी होत नाही. अँटिबायोटिक जिथे बॅक्टेरियाच्याच यंत्रावर बोट ठेवतं तिथे करक्युमिन बऱ्याच प्रोटीनशी आणि मेम्ब्रेनशी जमेल तसं लगट करतं, आणि मेम्ब्रेन तर आपल्या पेशींनाही असते.

मॅडमच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मला वाटलं शिव्या बसणार. त्यांनी जुना फोटो आणि नवीन आकडे शेजारी ठेवले आणि विचारलं, "तुला इन्फेक्शन बरं करायचंय की होऊ द्यायचं नाहीये?" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी सहा महिन्यांत एकदाही लिहून काढलं नव्हतं. ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये मांडलेली ती प्रसिद्ध कल्पना, पृष्ठभागासाठीची शर्यत, आपली पेशी आधी चिकटते की बॅक्टेरिया, जो आधी बसला त्याची जागा. आधीच मुरलेला ऑस्टिओमायलायटिस एवढ्याशा तुकड्याने जाणार नाही, तिथे खरवडणं आणि अँटिबायोटिक लागणारच. पण स्वच्छ केलेल्या पोकळीत पहिल्या काही तासांत बॅक्टेरिया कमी चिकटावेत आणि ऑस्टिओब्लास्ट (हाड बनवणाऱ्या पेशी) जास्त, एवढंच मागितलं तर मारायची गरजही कमी होते.

त्या हिशेबात लॅक्टोफेरिन बसलं. दुधातलं, लाळेतलं प्रोटीन, सुमारे ८० किलोडाल्टन, बॅक्टेरियाला लागणारं लोह पकडून ठेवतं, आणि मुख्य म्हणजे ऑस्टिओब्लास्टना वाढवतं आणि ऑस्टिओक्लास्ट तयार होणं कमी करतं. म्हणजे दोन्ही परिणाम एकाच दिशेचे, करक्युमिनसारखी खेचाखेची नाही. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटवर ते चांगलं चिकटूनही बसतं. फुकट काहीच नाही अर्थात: प्रोटीन आहे, उष्णता लागली की बिघडणार, आणि आधीच लोहाने भरलेलं मिळालं तर लोह पळवण्याचं काम संपलंच, म्हणून बाटलीवर लोहाचं सॅच्युरेशन बघून घ्यावं लागतं.

पेपरचं ते टायटल गेलं. आता प्लेटवर सहा तुकडे असतात: कोरा न्यूट्रल, कोरा अ‍ॅसिडवाला, लॅक्टोफेरिनचा, लोहाने भरलेल्या लॅक्टोफेरिनचा, मुद्दाम उष्णतेने बिघडवलेल्याचा, आणि न्यूट्रल केलेला करक्युमिनवाला, आठवण म्हणून. सगळ्या प्लेट फॉइलमध्ये. झाकणांवर नावं नसतात, नुसते आकडे, कोणता आकडा कोणाचा ती यादी मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. पहिली बॅच गुरुवारी लागली, शुक्रवारी सकाळी फॉइल काढलं तर सहातल्या एकाभोवतीच कडं, आणि त्या तुकड्याला आंबट वास येत होता. यादी कोणी मागितली नाही. ज्युनियरने बाकीचे पाच ट्यूबमध्ये टाकले आणि सोनिकेटरकडे गेली.